नरड्यातला मास्तर

“धन्यवाद. चहा उत्तम झाला आहे,” शालिक म्हणाले, आणि रत्नमालाच्या हातातला चमचा बशीत पडला.

शालिक म्हणाले, म्हणजे त्यांच्या उशाशी ठेवलेली पांढरी पेटी म्हणाली. आवाज मात्र त्यांचाच होता. वरूडच्या संत्रा मंडीत वर्षानुवर्षं हर्रास, म्हणजे लिलाव, बोललेला तो गडगडता आवाज कंपनीनं लोकांच्या फोनमधल्या जुन्या व्हिडिओंतून गोळा करून पेटीत भरला होता. तोच खर्ज, शेवटच्या अक्षरावर तीच घोगरी किनार. शब्द तेवढे परके होते. लग्न झाल्यापासून या माणसानं चहाला कधी उत्तम म्हटलं नव्हतं. आवडला तर कप रिकामा करून उठायचे. नाही आवडला तर “रत्ने, भांडे धुतलेलं पानी दिलं काय मले?” असं ओसरीवरून ओरडायचे, ते अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

“आणखी देऊ काय?” तिनं विचारलं.

“नको. तुम्ही थोडी विश्रांती घ्या.”

तुम्ही! रत्नमालानं पेटीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. तिथं काही वाचायची सोयच नव्हती. मेंदूच्या बुंध्याशी रक्ताची गुठळी अडकली त्या दिवसापासून शालिकांचं सगळं शरीर निखळल्यासारखं पडून होतं. आत माणूस जागा होता, सगळं ऐकत होता, पण बोट हलत नव्हतं. डोळे उघडे असत, तरी बुबुळं सारखी थरथरत. नजरेवरून हो-नाही ठरवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चमच्यानं सोडलेला चहा घशाखाली जाई, तोही आपोआप.

आणि मग ‘सुवाच’ कंपनीची ही पेटी आली होती.

माणूस बोलतो तेव्हा मेंदूच्या एका पट्ट्यातून जीभ, ओठ आणि घशाला हुकूम सुटतात. शालिकांच्या मेंदूत ते अजूनही सुटत होते, खाली पोचायची वाट तेवढी तुटली होती. सुवाचच्या डॉक्टरांनी त्या पट्ट्यावर केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवली. जाळीनं टिपलेले संकेत कवटीतून बिनतारी पेटीत येत आणि पेटी त्यांतून ध्वनी ओळखी. हा ‘क’ असावा, हा ‘र’ असावा. पण मेंदूतला गलका मोठा. पुष्कळ ध्वनी धूसर येत, काही येतच नसत. म्हणून पेटी ते अर्धेमुर्धे ध्वनी नेटच्या वायरीवरून कंपनीच्या दूरच्या यंत्राकडे पाठवी. त्या यंत्राला मराठीतलं बहुतेक सगळं छापील लिखाण पाठ होतं. कोणत्या शब्दामागून कोणता येण्याचा संभव जास्त, हे तोलून ते गाळलेल्या जागा भरी आणि तयार झालेलं वाक्य शालिकांच्या आवाजात परत पाठवी. हे सगळं पापणी लवायच्या आत.

पहिल्या दिवशी पेटीनं “नमस्कार, मी शालिक खेरडे” म्हटलं तेव्हा रत्नमाला भिंतीला टेकून रडली होती. पुण्याहून फोनवर बघणारा मुलगा, निशांत, तोही रडला होता. नंतर मात्र रोज ऐकता ऐकता तिला कसंतरीच व्हायला लागलं. हा माणूस चिडत नव्हता. सून फोनवर आली की “आपली प्रकृती कशी आहे?” विचारत होता. मंडीतले जुने अडते भेटायला आले, तर त्यांना “आपल्या आगमनाने आनंद झाला” म्हणाला. ते बिचारे खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले आणि लवकर उठून गेले.

“आजारानं माणूस मऊ होतो, आई,” निशांत म्हणायचा.

मऊ होत असेलही. पण वऱ्हाडी विसरतो काय?

निशांतनं पुण्यात एक बेत ठरवला होता. सुवाचचं शहराबाहेर निवासी केंद्र होतं. तिथं यंत्रं होती, नर्सेस होत्या, चोवीस तास डॉक्टर होते. बाबांनी तिथं राहायचं, आईनं त्याच्याकडे यायचं आणि ठरलेल्या वेळी भेटायला जायचं. रत्नमालाची कंबर उचलून-उचलून गेलीच होती, ते त्याला दिसत होतं. बेतात वाईट काही नव्हतं. बाबांना विचारलं तेव्हा पेटीतून उत्तर आलं, “मला मान्य आहे. काळजी करू नका.”

त्याच वेळी शालिकांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. रत्नमालानं पदरानं पुसत विचारलं, “अवो, रडता काय?”

“नाही. मी समाधानी आहे,” पेटी म्हणाली.

त्या दिवशी तिनं ठरवलं, की हे असं ऐकून घ्यायचं नाही.

रत्नमाला हायस्कूलमध्ये संगणक शिकवायची. शाळेतल्या सगळ्या संगणकांवर लिनक्स ही मोफत प्रणाली होती, आणि निवृत्त होताना भंगारात निघालेला एक संगणक तिनं घरी आणून ठेवला होता. अशाच रुग्णांच्या नातेवाइकांनी मिळून एक मोफत प्रोग्राम बनवला आहे, हे तिला नेटवर वाचून कळलं. पेटीतून निघणारे कच्चे ध्वनी तो जसेच्या तसे पडद्यावर उतरवतो आणि सपाट आवाजात वाचून दाखवतो. गाळलेल्या जागा भरत नाही. रुग्णाचे ध्वनी त्याच्याच घरात कंपनीनं सांकेतिक कुलपात झाकून ठेवायचे नाहीत, असा कायदाच झाला होता. त्यामुळे ते वायरीवर उघडे असत. फक्त पेटी आणि कंपनीची लाइन यांच्या मध्ये आपला संगणक बसवावा लागे, कारण कंपनीशी संपर्क तुटला की पेटी बंद पडायची.

तिनं आधी रीतसर कंपनीला फोन केला.

“आपल्या संगणकावर कोणती प्रणाली आहे, मॅडम?” पलीकडून एका मुलीनं गोड आवाजात विचारलं.

“लिनक्स.”

“क्षमस्व. आमच्या लाइनवर लिनक्स चालत नाही.”

“चालत नाही, का चालू देत नाही?”

“आमच्या यादीत नाही, मॅडम.”

“माझ्या नवऱ्याची बोली तरी आहे काय तुमच्या यादीत?” रत्नमाला म्हणाली. आणि तिनंच फोन ठेवून दिला.

संमतीच्या दिवशी निशांत सकाळच्या बसनं आला. दुपारी कंपनीच्या समन्वयक येणार होत्या. रुग्णानं कॅमेऱ्यासमोर ‘हो’ म्हटलं की केंद्रातली जागा पक्की होणार होती. अंघोळ करून तो बाहेर येतो, तर आईनं पलंगाशेजारच्या टेबलावर तो जुना संगणक मांडलेला. नेटची वायर पेटीतून काढून त्यात खुपसलेली. पेटीचा निळा दिवा विझला होता.

“आई! तू बाबांचा आवाज बंद केलास?”

“बाबांचा नाही. पेटीचा.”

“आज? समन्वयक यायच्या आहेत आणि तू आज हे उघडून बसलीस? पुन्हा चालू झालंच नाही तर?”

“त्या यायच्या आहेत म्हणून तर. बस तिथं, नाहीतर वायर धर.”

तो ना बसला, ना त्यानं वायर धरली. दारात उभा राहिला.

संगणक नेटवर जाईना. रत्नमालानं आधी पोर्टवरचा हिरवा दिवा पाहिला. तो लागलेला होता. तरी खात्रीसाठी वायर बदलून पाहिली. फरक पडला नाही. मग काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून नेटवर्क कार्डाची चौकशी केली. कार्ड ओळखलं गेलं होतं, चालूही होतं. पण त्याच्या नावापुढं पत्त्याची जागा रिकामी होती.

“कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम जुना असेल,” निशांत दारातूनच म्हणाला. त्याला राहवत नव्हतं.

“ड्रायव्हर गेला असता तर कार्ड दिसलंच नसतं.”

नेटवर जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो आणि तो वायरीच्या पलीकडचा राऊटर देतो. संगणक जोडल्याबरोबर वायरीवर हाक मारतो, मला पत्ता द्या. रत्नमालानं ती हाक पुन्हा मारायला लावली. पडद्यावर ओळ उमटली, विचारणा गेली. पुन्हा गेली. पुन्हा गेली. पलीकडून उत्तर नाही. तिनं हातानंच एक पत्ता लिहून दिला आणि राऊटरला साद घातली. राऊटर गप्प.

“सोड ना, आई,” निशांतचा आवाज खाली आला होता. “बाबा घाबरले असतील. त्यांना आता काही सांगायचं असलं तर?”

तिनं पलंगाकडे पाहिलं. शालिकांची बुबुळं थरथरत होती. क्षणभर तिचाही धीर सुटला. आपल्याला हवं ते ऐकायचं म्हणून आपण या माणसाला मुका तर केला नाही ना? तिनं वायर काढली आणि पेटीत परत खोचली.

दिवा लगेच निळा झाला. “नमस्कार. मी पुन्हा बोलू शकतो,” पेटी म्हणाली. “गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

“क्षमस्व म्हणाले तुझे बाबा,” रत्नमाला म्हणाली. “ऐकलं? हे वाक्य मी परवा फोनवर ऐकलं. त्या पोरीच्या तोंडून.”



मात्र तिला एक गोष्ट कळली होती. वायर जिवंत आहे. तिला हाक ऐकू येते, पण ती माणूस पाहून उत्तर देते. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक ओळख क्रमांक मिळालेला असतो. कंपनीचा राऊटर फक्त पेटीचा क्रमांक ओळखत होता, बाकीच्यांना दारातूनच परत पाठवत होता. तिनं पेटी उलटी केली. खाली चिकटवलेल्या पट्टीवर क्रमांक छापलेला होता. लिनक्समध्ये कार्डाला वेगळा क्रमांक सांगायला लावता येतं. शाळेत मुलांना ती हे कधीच शिकवत नसे, कारण मुलं दुसऱ्या दिवशी हेडसरांचा संगणक बंद पाडतील याची तिला खात्री होती.

तिनं कार्ड बंद केलं, पेटीचा क्रमांक त्याला दिला, पुन्हा चालू केलं. वायर संगणकात खोचली.

विचारणा गेली. या खेपेला पत्ता आला.

“हे बेकायदेशीर आहे का?” निशांतनं विचारलं. तो कधी टेबलापाशी येऊन उभा राहिला, ते तिला कळलं नव्हतं.

“करारात नसेल बसत. ती दुसरी वायर दे.”

त्यानं दिली. तिनं ती संगणकाच्या दुसऱ्या पोर्टमधून पेटीत नेली. आता पेटीचं कंपनीशी चाललेलं सगळं बोलणं या जुन्या संगणकातून जाणार होतं. पेटीचा दिवा निळा झाला. रत्नमालानं प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर नुसता कचरा उमटायला लागला, व्यंजनांचे ढीग. तिनं पलंगावर वाकून म्हटलं, “अवो, मी हाओ. आता तुमाले जे म्हनाचं ते म्हना. सावकाश.”

कचरा थांबला. एकेक अक्षर येऊ लागलं. संगणकाचा स्पीकर सपाट, कुणाच्याच नसलेल्या आवाजात वाचायला लागला.

“रत्ने.”

“प्रिय रत्नमाला,” पेटी शालिकांच्या आवाजात म्हणाली.

“रत्ने. माह्या नरड्यात कोनं बसोला हा मास्तर?”

“रत्नमाला, मला माझ्या शिक्षकांची आठवण येते,” पेटी म्हणाली.

निशांत खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला. रत्नमालानं तोंडावर पदर धरला. ती हसत होती का रडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. स्पीकर पुढं एक शिवी म्हणाला, अर्धी गिळलेली, पण ओळखू येणारी. त्यावर पेटी म्हणाली, “आजचे हवामान सुखद आहे.”

दुपारी समन्वयक आल्या. कौमुदी नावाच्या तरुण, नीटनेटक्या बाई होत्या. टेबलावरचा संगणक पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी आधी कॅमेरा लावला आणि नियमाप्रमाणे प्रश्न विचारला.

“श्री. खेरडे, पुण्याच्या केंद्रात राहायला जाण्यास आपली संमती आहे का?”

“हो. मला घेऊन जा. मी तयार आहे,” पेटी म्हणाली. खणखणीत, भरदार, शालिकांच्या आवाजात.

त्याच्या मागोमाग, अडखळत, संगणक बोलला. “रत्नेले घेऊन जाय. थकली थे. मी नाई जात. मी अठीच बरा.”

 एकाच माणसाची दोन उत्तरं हवेत लटकत होती. रत्नमालाला आता स्वच्छ दिसलं. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला ‘घेऊन जा’ एवढं ऐकू आलं होतं आणि बाकीचं त्यानं शहाण्या माणसासारखं भरून काढलं होतं. पण तिला लागलं ते ‘रत्नेले घेऊन जाय’ या पहिल्या शब्दांनी. इतके दिवस हा माणूस तिच्यासाठी मागत होता, आणि पेटी ते त्याच्या नावावर खपवत होती.

“हे बघा,” कौमुदी मॅडम सावधपणे म्हणाल्या, “तो प्रोग्रामसुद्धा अंदाजच करतो. चुका त्याच्याही होतात. कदाचित तुम्हाला जे ऐकायचं आहे तेच तुम्हाला ऐकू येत असेल.”

“मॅडम, थकली म्हून घेऊन जा, हे मले नव्हतं ऐकाचं,” रत्नमाला म्हणाली.

“कायद्यानं प्रमाणित आवाज एकच आहे. पेटीचा.”

“मग त्या आवाजाला माझ्या नवऱ्यासारखं बोलायला शिकवा.”

“तशी सोय सध्या नाही.”

कौमुदी मॅडमनी निशांतकडे पाहिलं. अर्ज त्याचा होता. निशांत पलंगाशी गेला आणि बापाच्या निश्चल हातावर हात ठेवून म्हणाला, “बाबा, खरं सांगा. संमती आहे का तुमची?”

संगणकाच्या पडद्यावर अक्षरं भराभरा धावली. स्पीकरला वाचताना दम लागल्यासारखं झालं.

“बह्याडा. तुह्या बापानं. जल्मात कधी. संमती म्हटलं काय बे?”

“तुझ्या प्रेमाबद्दल मी आभारी आहे,” पेटी म्हणाली.

 निशांत मागं वळून म्हणाला, “मॅडम, कॅमेरा बंद करा. अर्ज मी मागं घेतो.”

कौमुदी मॅडमनी कॅमेरा बंद केला. पण त्या उठल्या नाहीत. “मला हे सांगावंच लागेल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही लाइनमध्ये बसवलेलं हे दुसरं यंत्र आजच काढलं नाही, तर करार संपतो. मग कायद्यानं आम्हाला पेटी तुमच्यासाठी मोकळी करून द्यावी लागेल, ती कंपनीशिवाय चालेल. पण मेंदूतले संकेत दर दिवशी थोडे सरकतात. आमचं यंत्र ते रोज आपोआप जुळवून घेतं. मग ते तुम्हाला करावं लागेल, रोज त्यांच्याकडून शब्द म्हणवून घेऊन. आणि प्रमाणित आवाज गेला की बँक, कोर्ट, कचेरी, कुठंही त्यांच्या बोलण्याला किंमत राहणार नाही. कागदावर ते मुके ठरतील. विचार करा.”

“मी कशाला करू विचार?” रत्नमाला म्हणाली. “त्यांनाच विचारते.” ती पलंगावर वाकली. “ऐकलं नं जी तुमी? काय करू सांगा. कंपनीची लाइन ठेवू का काढू?”

या वेळी पडदा बराच वेळ कोरा राहिला. पेटीही गप्प होती. बाहेर रस्त्यावरून संत्र्याची गाडी गेली, खिडकीची काच थरथरली.

“कागदावर मुका,” स्पीकर म्हणाला, “त मुका. काढ.”

पेटी “मला मौन आवडते” एवढं म्हणाली, आणि रत्नमालानं भिंतीतून वायर उपटली.

कंपनीनं पेटी मोकळी करून द्यायला बरेच दिवस लावले. रत्नमालानं अर्ज केले, फोन केले, एकदा निशांतला घेऊन ती थेट नागपूरच्या कचेरीत जाऊन बसली आणि सही मिळेपर्यंत उठली नाही. तेवढे दिवस घर मुकं होतं. त्या दिवसांत तिनं शालिकांशी सगळ्यात जास्त भांडण केलं, एकतर्फी. पुण्याला ती जाणार नव्हती. तुम्ही सांगितलं म्हणून तर मुळीच नाही. कंबर माझी आहे, तिचं मी बघीन. उचलायला मदत करणारी एक बाई तिनं लावून घेतली आणि तेही त्यांना ओरडून सांगितलं.

पेटी मोकळी झाली त्या सकाळी अंगणातली कामं आटोपून ती संगणकापुढं बसली. निशांत सुट्टी काढून आला होता. संकेत एवढ्या दिवसांत खूप सरकले होते. पडद्यावर निव्वळ खडी पसरल्यासारखी अक्षरं दिसत होती. आता सांगितलेला शब्द शालिकांनी मनात म्हणायचा आणि त्यावरून प्रोग्रामनं कान जुळवायचा, असं रोज करावं लागणार होतं.

“म्हना, कमळ,” रत्नमाला म्हणाली.

खडी.

“कमळ.”

खडी.

“अवो, नीट म्हना. मनातल्या मनात जीभ लावून. कमळ. ‘क’ पासून सुरू करा.” तिचा आवाज नकळत वर्गातला झाला होता.

खडी सरकली. काहीतरी जुळत होतं. निशांत पुढं वाकला.

“हं, येऊन राह्यलं. पुन्हा एकदा. म्हना, कमळ.”

पडद्यावरचे ढीग विरळ होत गेले, आणि त्यांतून एकामागून एक, कुठेही न तुटता, स्वच्छ अक्षरं वर आली. स्पीकरनं ती मोठ्यानं वाचली.

“नाई म्हनत.”